टेम्पोवर लिहिलेला आकडा

बजरंगच्या उजव्या हाताला दोनच बोटं आहेत. अंगठा आणि त्याच्या शेजारचं. बाकीची तीन कुठं गेली, असं सोमाटणे फाट्यावर चहाच्या गाडीपाशी कुणी नवख्यानं विचारलं, की तो कप डाव्या हातात घेतो, उजवा हात उन्हात धरतो आणि सांगतो, "कडबाकुट्टीत गेली." दवाखान्याच्या कागदावरही तेच लिहिलेलं आहे.

ती कडबाकुट्टी त्याच्या गोठ्यात अजून उभी आहे, आणि तिच्या पात्याला चाऱ्याच्या रसाखेरीज दुसरा डाग कधी लागलेला नाही. वाडीतल्या पोरासोरांनाही हे ठाऊक होतं. पण बजरंगनं एकदा सांगितलं की ते खोडायची हिंमत आमच्यात कुणाची नव्हती. या चैत्रात नदीपलीकडच्या राजेंद्रनं शर्यतीच्या भर घाटात, माईक हातात घेऊन, झालं ते सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. म्हणून आता मी लिहायला मोकळा आहे.

आमची वाडी शिरगावच्या पुढं, ओढ्याच्या वळणावर. गुरुवारी साईबाबांच्या देवळाला येणाऱ्या गाड्या रस्ता चुकल्या की आमच्याकडं येतात, आणि त्यांना पहिलं घर दिसतं ते बजरंगचं. घरापुढं गोठा, गोठ्यापुढं टेम्पो. त्या टेम्पोमुळं पुढचं सगळं घडलं, असं म्हटलं तरी चालेल.

बजरंग आधी मारायचा, मग विचारायचा. जमिनीच्या एका दलालाला त्यानं जांभळाच्या झाडाला बांधून वादीनं फोडला होता. बायकोचा, सविताचा, पुढचा दात अर्धा तुटलेला आहे. ती आजही हसताना पदर तोंडावर धरते. थोरली कोमल तळेगावच्या कॉलेजात जायची. बाप उंबऱ्यात वहाणा कशा काढतो, त्या आवाजावरून तिला आजचा दिवस कसा जाणार ते कळायचं. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. बजरंगनं कधी काही लपवलं नाही. मारलं तर चौकात मारलं, आणि कुणी विचारलं तर व्हय म्हणाला. जे आपलं आहे ते रंगवून दारावर लावायचं, हा त्याचा धर्म.

आणि त्याचं जे होतं, त्यात सगळ्यात मोठा होता कारभारी. त्याचा बैल. पांढराशुभ्र, कानांची टोकं तेवढी काजळात बुडवल्यासारखी. गाय अडली होती, वासराचे मागचे पाय आधी बाहेर आले होते. बजरंगनं उजवा हात कोपरापर्यंत आत घालून कारभारीला या जगात ओढून काढला होता.

आमच्याकडं बैलगाडा चढावर पळतो. त्या चढाला घाट म्हणतात. चार बैल, पुढं घोडीवरचा स्वार, वर निशाणापाशी सेकंदाचं घड्याळ. खालून वर जायला लागलेले सेकंद हीच बैलाची अब्रू. तीन वर्षांमागं कारभारीचा गाडा अकरा सेकंद बेचाळीसला वर गेला. निवेदक ओरडून ओरडून घोगरा झाला. "कारभारी! अकरा बेचाळीस!" दुसऱ्या दिवशी पेंटर आला. टेम्पोच्या मागच्या फळीवर बैलाचं नाव आणि खाली हातभर उंचीचा आकडा. गोठ्याच्या भिंतीवर तोच, पोरांच्या बनियनवर तोच.

कोमलनं त्याच आठवड्यात कारभारीच्या नावानं मोबाईलवर खातं उघडलं. फोटो टाकायचे, बैल पळतानाचे व्हिडिओ टाकायचे. वर्षात चाळीस हजार माणसं ते बघायला लागली. खातं उघडताना तिनं बापाला विचारलं होतं.

"आबा, पासवर्ड काय ठिवू?"

"त्ये काय आसतंय?"

"कुलपाची चावी म्हना. आपल्याबिगर कुनाला ठावं नसावी."

"मंग कारभारी आन अकरा बेचाळीस ठिव."

"अवो आबा, त्ये आख्ख्या मावळाला ठावं हाय. टेम्पोच्या ढुंगनावर लिवलंय!"

"मंग काय शेजाऱ्याच्या म्हशीचा आकडा ठिवू? आपल्या बैलाचा आकडा लपवाया मी काय चोर हाय? ठिव म्हनलं ना."

तिनं ठेवला. बापापुढं दुसरं काय करणार! खात्याला फोन नंबर बजरंगचाच दिला. अशा रीतीनं आमच्या वाडीतली सगळ्यात मोठी अब्रू अशा कुलपात गेली, ज्याची चावी टेम्पोबरोबर तळेगाव, कामशेत, लोणावळा अशी रोज फिरून यायची.

आता निलेशविषयी सांगतो. निलेश कुरवंड्याचा. लहान चणीचा पोरगा, पण घोडीवर बसला की माणूस कुठं संपला आणि घोडी कुठं सुरू झाली ते कळायचं नाही. कारभारीच्या गाड्यापुढं तोच असायचा. दोन वर्षांमागं एका घाटात त्याची घोडी बुजली, सुटायला उशीर झाला, गाडा तेरा सेकंदांवर गेला. बजरंग खाली धावत आला. त्यानं निलेशला रिकिबीतून खेचून पाडला आणि तीन-चार हजार माणसांसमोर आसुडानं झोडपला. पाठीवर, मानेवर, पोरगा पालथा पडल्यावर पोटऱ्यांवर. सदरा फाटून वळांमध्ये रुतला. शेवटी त्याच्या तोंडावर पाय ठेवून बजरंग म्हणाला, "घोडी सोड. शेळ्या राख."

कुणीतरी ते सगळं मोबाईलवर घेतलं होतं. बजरंगनं घरी येऊन कोमलला सांगितलं, "टाक आपल्या खात्यावर. लोकांना कळू दे, बजरंगच्या गाड्याला चूक चालत न्हाई." तिनं ते टाकलं. लाखभर लोकांनी पाहिलं. निलेशची सोयरीक ठरली होती, ती त्या व्हिडिओनं मोडली. तो घोडी विकून लोणावळ्याला एका बंगल्यावर राखणीला राहिला. त्यानंतर त्याचं नाव आमच्यात कुणी घेतलं नाही.

या माघात इंद्रायणीपलीकडच्या राजेंद्रचा बैल, हरण्या, अर्ध्या घाटात पडला. पुढचा पाय खाटकन मोडला. आवाज वरपर्यंत ऐकू आला. डॉक्टरांनी सुई देऊन त्याला सोडवला. कारभारी आणि हरण्या यांचं वैर जुनं होतं, आणि मालकांचं त्याहून जुनं. पण बैल गेला की आमच्याकडं वैर दहा दिवस दारात थांबतं. राजेंद्रनं हरण्याला आपल्या वावरात पुरला, डोकं भादरलं, आणि दहाव्याला नदीच्या घाटावर माणसासारखा विधी केला. श्रद्धांजलीचा बोर्ड लागला, तीनशे माणसं आली, पिंड मांडला. सगळे कावळ्याची वाट बघत उभे होते, आणि तेवढ्यात कारभारीच्या खात्यावर हरण्याचा पडलेला फोटो आला. खाली लिहिलं होतं: "रडू नका. पुढच्या घाटाला शेळ्या जुंपा."

कोमलला त्या सकाळीच खातं उघडत नव्हतं. पासवर्ड चुकीचा आहे, असं तीनदा आलं. खरं तर तिनं तेव्हाच बापाला सांगायला हवं होतं. पण त्या सकाळी चारा ओला निघाला म्हणून बजरंगनं सवितावर दुधाची किटली फेकली होती, आणि तिच्या कपाळावरचं रक्त अजून वाळलं नव्हतं. कोमलनं फोन गपचूप बाजूला ठेवला. मनाशी म्हणाली, आबा शांत झाल्यावर बघू.

साडेअकराला बजरंगला कुणाचा तरी फोन आला. "बजरंगभाऊ, हे काय टाकलंत? मेलेल्यावर थुकता व्हय?" त्यानं ते उघडून पाहिलं आणि घरात जाऊन कोमलच्या मुस्कटात अशी मारली, की ती चुलीच्या कडेला जाऊन पडली.

"मी न्हाई टाकलं, आबा! सकाळधरनं उघडतच न्हाई!"

"मंग आत्तापत्तूर तोंड शिवलं हुतं का?"

"भ्या वाटलं."

बजरंगनं पुन्हा हात उचलला. मग त्याची नजर फोनकडं गेली. त्यानं त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या, बोट लावून, एकेक अक्षर. उचललेला हात तसाच खाली आला. तो बाहेर जाऊन बैलाच्या पाण्याच्या हौदाच्या काठावर बसला. आपलेच शब्द कुणीतरी परत पाठवलेत, हे त्याला त्या काठावर कळलं होतं.

एकच्या सुमाराला दोन जीपा आल्या. बारा माणसं. काठ्या, लोखंडी गज, आणि राजेंद्रचा धाकटा भाऊ कैलास, त्याच्या हातात उसाचा कोयता. राजेंद्रच्या भादरलेल्या डोक्यावर ऊन चमकत होतं, कपाळावर दहाव्याचं गंध तसंच होतं.

बजरंगनं पहिल्याचं नाक फोडलं, दुसऱ्याला हौदावर आपटला. तिसऱ्या गजानं मात्र त्याच्या गुडघ्याची वाटी सरकली. मग ते सगळे त्याच्यावर तुटून पडले. बरगड्यांवर काठ्या पडताना ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज येत होता. सविता खुरपं घेऊन धावली, तिला दोघांनी केसांना धरून तुळशीपाशी दाबून ठेवली. एकानं कोमलचा फोन हिसकावून तिचे हात मागं पिरगाळले.

"माज्या हरण्याला शेळी म्हनतो व्हय?" राजेंद्र ओरडत होता. रडतही होता. "माज्या लेकराला? कैलास, माणसाला नको. माणूस हाणलेला इसरतो. बैलाला हाण. मागच्या पायाची शीर तोड. ह्या जल्मात परत घाट चढता कामा नये!"

कारभारी दाव्याला हिसके देत होता, डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं. कैलास त्याच्या मागं गेला आणि त्यानं कोयता उचलला. चार माणसांनी दाबून धरलेला बजरंग, सरकल्या गुडघ्यानिशी, त्यांच्या खालून कसा निसटला ते त्या चौघांनाही आज सांगता येत नाही. कोयता खाली आला तेव्हा बैलाच्या पायावर बजरंगचा उजवा हात होता.

तीन बोटं कडब्यात पडली. बैलानं बिथरून पाय झाडला, आणि ती त्याच्या खुराखाली चिरडली गेली. बजरंग ओरडला नाही. तो कारभारीच्या मागच्या पायांना मिठी मारून बसून राहिला, आणि त्याच्या हातातून रक्ताची धार बैलाच्या पांढऱ्या पोटरीवरून उतरत राहिली.

आणि नेमकं तेव्हाच, एकाच वेळी, सात-आठ खिशांमध्ये फोन वाजले. वैरी असले तरी कारभारीचं खातं ते सगळेच बघत होते!

राजेंद्रनं फोन काढला. कारभारीच्या खात्यावर नवीन आलं होतं: "कावळा शिवला का, राजेंद्र? का तोबी कारभारीला भ्यायला?"

त्यानं ते वाचलं. मग बजरंगकडं पाहिलं. सविताकडं पाहिलं, तुळशीपाशी दाबलेली. कोमलकडं पाहिलं, तिचे हात पाठीमागं, तिचा फोन त्याच्याच माणसाच्या मुठीत. घरातलं सगळं माणूस त्याच्या डोळ्यांपुढं होतं आणि कुणाच्याच हातात काही नव्हतं.

"ह्यांचाच कुनीतरी दुसरा आसल," कैलास म्हणाला. "दादा, आलोय तर काम करूनच जाऊ."

"थांब," राजेंद्र म्हणाला.

कोमलच्या ओठातून रक्त येत होतं. ती म्हणाली, "राजाभाऊ, खातं कुनीतरी चोरलंय. सकाळधरनं आमालाच उघडंना. मला धा मिनटं द्या. मी त्येला भायेर काढते."

"आन न्हाई निघाला तर?"

तिनं गोठ्यातल्या बापाकडं पाहिलं.

"धा मिनटं," राजेंद्र म्हणाला. "त्यानंतर एक जरी अक्षर आलं, तर बैलाचे चारी पाय. तुज्या बापाला हात किती उरतील बघू."

तिला फोन परत मिळाला. तिनं पासवर्ड विसरला आहे, असं खात्याला कळवलं. चोरानं पासवर्ड बदलला होता, पण फोन नंबर बजरंगचाच राहिला होता. नवीन पासवर्ड ठेवायला लागणारे सहा आकडे त्याच्या फोनवर येणार होते. तो फोन कडब्यात पडला होता, काच तडकलेली. फोन उघडल्याशिवाय मेसेजचा मजकूर दिसत नव्हता. दुकानदारानं तशीच सोय करून दिली होती. फोन उघडायचा आकडाही त्यानंच टाकला होता आणि तो बजरंग त्याच दिवशी विसरला होता. फोन उघडायचा तो फक्त बजरंगच्या उजव्या अंगठ्यानं.

"आबा, अंगठा लावा."

त्यानं लावला. रक्तानं काच माखली. फोन उघडला नाही. तिनं ओढणीनं अंगठा पुसला, काच पुसली, पुन्हा लावला. नाही. शेजारच्या बुंध्यांमधून रक्त वाहतच होतं आणि पुसलेला अंगठा क्षणात लाल होत होता. तिसऱ्यांदा नाही. चौथ्यांदा नाही.

"पाचवं चुकलं की बंद पडंल," कोमल म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला.

"किती झाली?" राजेंद्रनं विचारलं.

"सहा मिनटं," कैलास म्हणाला. त्याची मूठ कोयत्यावर होती.

बजरंगनं बैलाचा पाय सोडला. फरफटत तो हौदापाशी गेला आणि तुटका हात पाण्यात घातला. थंड पाणी जखमेत शिरलं तेव्हा त्याच्या घशातून जो आवाज निघाला, तो मी शेजारच्या वावरात ऐकला आणि अजून ऐकतो. सगळा हौद लाल झाला. कोमलनं मनगट दोन्ही हातांनी आवळून धरलं, सवितानं सोडवून घेऊन पदर फाडला आणि बुंध्यांवर दाबला, आणि ओला अंगठा परकराला पुसून कोरडा केला. मायलेकींनी तो अंगठा काचेवर असा टेकवला, जसा बाळाचा पाय कुंकवाच्या ताटात टेकवतात.

फोन उघडला. सहा आकडे होते.

कोमल सगळ्यांकडं पाठ करून उभी राहिली आणि तिनं नवीन पासवर्ड लिहिला. बराच लांब असावा. बोटं खूप वेळ हलत होती. मग खातं कुठं कुठं उघडं आहे त्याची यादी आली. तिचा फोन, आणि दुसरा एक. दुसऱ्यापुढं लिहिलं होतं, लोणावळा. तिनं त्याला बाहेर काढला. त्यावर आणखी एक कुलूप घातलं, की नव्या फोनवर खातं उघडायचं तर आधी आकडे मागितले जातील. दाराला बाहेरून कडी आणि आतून अडसर, तसं.

"काय ठिवलास?" जमिनीवरून बजरंगनं विचारलं.

"न्हाई सांगनार."

बारा परक्या माणसांसमोर पोरीनं त्याला न्हाई म्हटलं. बजरंगनं तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

मग सगळे वाट बघत राहिले. बारा माणसं हातातल्या फोनकडं बघत होती, जशी सकाळी कावळ्याची वाट बघत होती. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. गोठ्यात फक्त कारभारीचे श्वास. काही आलं नाही.

राजेंद्रनं भावाच्या हातातला कोयता घेतला आणि उकिरड्यात फेकला. अंगावरचं उपरणं काढून बजरंगच्या हाताला करकचून बांधलं. "उठ," म्हणाला. "गाडीत बस."

जुन्या हमरस्त्यानं तळेगावकडं जीप निघाली. बजरंगचं डोकं कोमलच्या मांडीवर होतं. पुढून कैलास मागं वळला. आता त्याचा तोंडवळाच वेगळा होता.

"लोणावळ्यात कोन वैरी हाय तुजा? नाव सांग नुस्तं. आज सांजच्या आत त्येचे दोनी गुडघे फोडतो."

बजरंगनं डोळे मिटले होते. "कोमल, त्या घान पोस्टी काढल्यास?"

"काढल्या, आबा."

"खाली जा."

ती फोनवर खाली गेली.

"अजून खाली. दोन वर्षांमागं."

तिचं बोट थांबलं. पडद्यावर घाट होता, माणसांची गर्दी, आणि आसूड उचललेला तिचा बाप.

"त्ये बी काढ."

तिला सगळं कळलं. तिनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं, मग पुसून टाकलं, आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

"बोल की," राजेंद्र म्हणाला. "कोन हाय?"

"म्हाईत न्हाई," बजरंग म्हणाला. "आन दवाखान्यात कुनी इचारलं तर कडबाकुट्टीत गेली म्हनून सांगा."

जन्मात पहिल्यांदाच त्यानं काहीतरी लपवलं होतं. बरगड्या मोडल्या, ताप चढला, तीन रात्री तो बरळला, पण नाव फुटलं नाही.

चैत्रात राजेंद्रनं घाटात माईकवरून माफी मागितली. ते ऐकून दुसऱ्या दिवशी सकाळी निलेश आमच्या वाडीत आला. गोठ्याच्या तोंडाशी उभा राहिला, आत येईना. बजरंग उठला, लंगडत गेला आणि त्यानं डाव्या हातानं निलेशच्या कानशिलात अशी दिली, की पोरगा शेणात बसला. तो उठेपर्यंत बजरंग थांबला.

"ही माज्या बोटांची," म्हणाला. "घाटातलं तुजं देनं माज्याकडं ऱ्हायलंय. मारायचं तर मार."

निलेशनं मारलं नाही. "राजाभाऊंना सांगितलंत?"

"माज्या तोंडातनं न्हाई निघायचं. सांगायचं तर तुजं तू सांग."

निलेश तसाच नदी ओलांडून गेला आणि खातं आपणच चोरलं होतं, हे त्यानं सांगितलं. कैलासनं त्याचा पुढचा दात पाडला, राजेंद्रनं कमरेत दोन लाथा घातल्या. पण तो आपल्या पायांनी चालत परत आला. माघात नाव फुटलं असतं तर चालायला पाय उरले नसते.

टेम्पोवरचा आकडा अजून तसाच आहे. तो आता कशाचीच चावी नाही. संध्याकाळी कारभारीला खरारा करताना बजरंग कधीतरी विचारतो, "कोमल, पासवर्ड काय ठिवलास गं?"

"न्हाई सांगनार, आबा."

"बरं, ऱ्हाऊ दे," तो म्हणतो, आणि दोन बोटांचा हात बैलाच्या पाठीवरून फिरत राहतो. हे बोलताना कोमल मात्र अजूनही एक पाऊल मागं सरकून उभी असते.